कोरडी फरशी

शुक्रवार, १२ जुलै

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार घातला असं समज, आत्ता मी एका जागी टिकतच नाहीये! तू, भावोजी, चिमणी, सगळे मजेत ना?

अगं, झालं एकदाचं! सरकारचा हिस्सा असलेल्या कंपन्यांना अंतर्गत ऑडिटचे नवे नियम लागू झाले. आमचा अहवाल आधी मोठ्या साहेबांकडे जायचा, ते त्याची नखं कापायचे आणि मग तो वर जायचा. आता मी थेट संचालकांच्या समितीपुढे बोलायचं, आणि तेवढा वेळ साहेब बाहेर!

आज पहिलीच बैठक. अध्यक्षबाई म्हणाल्या, "जरा बाहेर बसता का?" साहेबांना वाटलं, शिपायाला सांगताहेत. आपले बिस्किट खात बसले! शेवटी बशी घेऊनच उठले. मला हसू आवरेना.

मग बाईंनी मला विचारलं, "तुम्ही स्वतः तपासू नये असा एखादा विभाग?" नियमच आहे, नातेवाईक असेल तिथे आपण हात घालायचा नाही. म्हटलं, "गॅस सिलिंडर चाचणी. माझे भावोजी तिथले प्रमुख आहेत."

"मग तिथे दुसऱ्या कोणाला पाठवायची गरज आहे?"

ताई, मागे भावोजींचा विसरलेला डबा द्यायला मी तिथे गेले होते ना? प्रत्येक सिलिंडरमध्ये पाणी भरून दाब देतात, त्यामुळे एरवी तिथे घोट्याएवढं पाणी. त्या दिवशी फरशी कोरडी ठणठणीत, आणि बाहेर पास झालेल्या सिलिंडरचा ट्रक भरत होता. मी विचारलं, तर भावोजी हसले, "मेहुणीबाई, डबा दिलात, आता सुटा!"

ते सिलिंडर स्वयंपाकघरांत जातात गं. तुझ्यासुद्धा. मी "हो, लगेच पाठवा" म्हटलं. सोमवारी बाहेरचं पथक न कळवता जाणार आहे.

इतकं मोकळं वाटतंय! आणि भीतीही तेवढीच. भावोजींच्या नोकरीचं काय होईल, मला खरंच माहीत नाही.

तू म्हणशील, उठसूट फोन करणारी ही बया आज पत्र कशाला लिहितेय? फोनवर मी गप्प राहिले नसते, आणि तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. पत्र मंगळवारी पोचेल. तोवर तुझा फोन मी उचलणार नाही.

वाचून झाल्यावर तू फोन केलास, तर पहिल्या घंटेला उचलेन. नाही केलास, तरीही

तुझीच,
धाकटी