पहिल्या आग्रहाला हो म्हणायचं नसतं

एडिनबरा, सोमवार, ६ मार्च २००६

ग्रॅहमने गुरुवारी लंचला बोलावलंय. मला आणि विनयला. बॉस उगाच कोणाला जेवू घालत नाही. माझं इथलं पोस्टिंग जूनमध्ये संपतंय, ते वर्षभर वाढवणार हे उघड आहे. जागा एकच, आणि विनय ज्युनिअर. सोबत म्हणून घेतला असावा.

स्वातीला पुण्याला फोन. बँकेत राजीनामा देऊन टाक, इकडे यायची तयारी कर, म्हटलं. म्हणाली, आधी लेखी हातात येऊ दे. बायको फार शंकेखोर.

बुधवार, ८ मार्च

रेस्टॉरंट हंगेरियन आहे. नेटवर सगळं वाचून काढलं. गुलाश म्हणजे बीफ, ते बाद. लांगोश म्हणजे तळलेली मोठी पुरी, वर लसूण, क्रीम, चीज. म्हणजे आपलंच की. विनयला टेबल मॅनर्सवर मार्गदर्शन केलं. हावरटपणा करू नकोस, हेही सांगितलं. तो नुसता हसला.

स्वातीने राजीनामा दिला. शेवटी ऐकलं!

गुरुवार, ९ मार्च, दुपारी

लंच उत्तम. मालकीणबाई स्वतः लांगोश घेऊन आल्या. तोंडाला पाणी सुटलं. मी हसून नको म्हटलं. पहिल्या खेपेला घ्यायचं नसतं, एवढं आईने शिकवलंय. बाई ओके म्हणाल्या आणि डिश विनयपुढे ठेवली. त्याने दोन घेतले. बाई परत फिरकल्या नाहीत. मी काकडीची कोशिंबीर खाल्ली. काकडी छान होती.

मग ग्रॅहम मुद्द्यावर आला. अजून वर्षभर राहायला आवडेल का, म्हणाला. हपापल्यासारखं लगेच हो कसं म्हणणार? म्हटलं, छे छे, माझ्यासाठी कशाला, विनयला द्या की. त्याने विचारलं, नक्की? म्हणजे आग्रह सुरू झाला. मी आणखी जोरात नाही म्हटलं. तिसऱ्या खेपेला हो म्हणणार होतो, तेवढ्यात पॅनकेक आले.

ग्रॅहम म्हणाला, असा स्पष्टपणा फार थोड्यांत असतो. इम्प्रेस झालाय. मग त्याने विनयला विचारलं. विनय लगेच यस प्लीज! तेही तोंडात घास असताना. संस्कारच नाहीत.

शुक्रवार, १० मार्च

आज पुन्हा विचारेल म्हणून ग्रॅहमच्या डेस्कवरून प्रिंटरकडे फेऱ्या मारल्या. प्रिंटरला काही पाठवलं नव्हतं. हाय म्हणाला फक्त. इथली माणसं आग्रहाला वेळ घेतात.

सोमवार, १३ मार्च

ईमेल आली. विनयचं वर्ष वाढलं. सहकाऱ्याला उदारपणे पुढे केल्याबद्दल माझे आभार, सगळ्या टीमला कॉपी. तसाच ग्रॅहमकडे गेलो, म्हटलं, राहायचं तर मलाच होतं. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, मग तसं बोलला का नाहीस? विनयचे पेपर्स मंजूरसुद्धा झालेत.

विनयने सगळ्यांना केक दिला. मला म्हणाला, घे ना, घे ना. अर्धा तसाच ठेवला. फार वाईट वाटतंय.

मंगळवार, १४ मार्च

स्वातीला सांगितलं. बराच वेळ काही बोललीच नाही. लाइन खराब असावी. मग म्हणाली, राजीनामा मागे घेता येतो का ते उद्याच बँकेत जाऊन विचारते. म्हटलं, एकदम तोंड उघडून मागू नकोस, बरं दिसत नाही.

शेवटी तिने विचारलं, जूनमध्ये तुला घ्यायला विमानतळावर येऊ का? म्हटलं, छे, तुला कशाला त्रास!

बरं म्हणाली, आणि फोन ठेवला.