एक अक्षर जास्त

जबलपूर,
१९ सप्टेंबर १९६५

प्रिय जया,

प्रतिमाचं पाकीट परवा मिळालं. शाळेत सुनीत लिहायला सांगितलंय, मामांनी तपासून द्यावं, असं भाचीबाईंचं फर्मान आहे. सोबत तुझ्या दोन ओळी, प्रकृती कशी आहे एवढ्याच. लढाईमुळे कारखान्यात पुन्हा बारा-बारा तासांची पाळी आहे, अगदी त्रेचाळीस सालासारखी, म्हणून उत्तराला उशीर झाला.

त्रेचाळीसला तू पंधरा वर्षांची होतीस. बाबा जाऊन वर्ष झालेलं, मी विशीतच घरचा कर्ता आणि कारखान्यात नवा एक्झामिनर. तोफगोळ्यांच्या पितळी टोप्या दिवसभर मापाच्या गेजमध्ये घालून बघायच्या. नाही बसली की लाल रंगाचा फटका, माल बाद. तोच रुबाब मी घरीही आणत असे. आई म्हणायची, हा पोळ्याही मापून खाईल.

तुझं सुनीत तू मोठ्या विश्वासानं माझ्यापुढे ठेवलंस. चौदा ओळी, ओळीत चौदा अक्षरं. मी बोटांवर मोजत गेलो. तेरा ओळी पास. शेवटची होती, 'दादा येतो थकून, तेव्हा घर घर होतं'. पंधरा अक्षरं. अर्थाकडे मी पाहिलंच नाही. लाल पेन्सिलीनं ती खोडली आणि विजयाच्या नगाऱ्यांची एक चोख ओळ लिहून दिली. "दादा, काहून खोडली?" एवढंच तू विचारलंस. मी म्हणालो, मापात नाही.

वर्गात बाईंनी नेमकी माझीच ओळ वाखाणली. त्या दिवशी तू वही ट्रंकेत टाकलीस आणि पुन्हा कविता लिहिली नाहीस. पोरीचं खूळ उतरलं, बरं झालं, असं मला तेव्हा वाटलं, हेही कबूल करतो. माझ्याबद्दल इतक्या मायेनं कोणी कधी लिहिलं नव्हतं, जया, आणि मी ते बाद केलं. वही तू पुढे बंबात घातली असशील, असंच मी धरून चाललो होतो.

प्रतिमाचं सुनीत परत पाठवतोय. तू ते वाचलंस की नाही, ठाऊक नाही. सवयीनं मोजलं. तिची शेवटची ओळ आहे, 'आईची ती जुनी वही मी लपून वाचते'. पंधरा अक्षरं. लाल पेन्सिल हातात होती, ती खाली ठेवली. मामानं पास केलं म्हणून सांग, आणि लपून वाचते म्हणून तिला रागावू नकोस. वही आहे तर एक कर. त्यातली माझी ओळ खोड आणि तुझी परत लिही.

तुझाच,
विनयदादा