हलका लॅपटॉप नको

३ फेब्रुवारी, मंगळवार

पाणी कुठंतरी मुरतंय.

जेवताना मुलगा एकदम म्हणाला, "बाबा, घरात एक लॅपटॉप घेऊ या का? हलकासा. सिनेमे बघायला, थोडेफार गेम खेळायला." मी विचारलं, कुणाला? तर सूनबाईकडे बघून म्हणाला, "घरात हो. सगळ्यांनाच."

सगळ्यांना! त्याला ऑफिसने दिलेला आहे. सूनबाईलाही तिच्या ऑफिसने दिलाय. मग राहिलं कोण? मी.

आयुष्यभर विमा कंपनीत दावे तपासले. माणूस विनाकारण गोड बोलायला लागला की समजावं, गोदामाला आग त्यानेच लावली आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

दोघांच्या तोंडी सारखं एकच - हलका हवा, कुठंही नेता आला पाहिजे. मी दिवसभर खिडकीजवळच्या एकाच खुर्चीत बसतो. हलकी वस्तू प्रवासाला लागते. कुठं निघालोय मी?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना त्यांच्या मुलीने असाच एकाएकी टॅबलेट घेऊन दिला होता. "वेळ जाईल तुमचा." टॅबलेटवरचं प्लास्टिक निघायच्या आत मास्तर वृद्धाश्रमात! आज त्यांना फोन लावला. म्हणाले, "छान आहे हो इथं. बाग आहे." आणि मग विचारलं, आपल्या जिन्यातला दिवा दुरुस्त झाला का.

मला बाग नको. मला माझी खुर्ची हवी आणि संध्याकाळी ही दोघं आली की दारात किल्ली फिरल्याचा आवाज हवा. आमची ही गेल्यापासून मी त्या आवाजावर दिवस काढतो. तो माझ्याकडून काढून घ्यायचा असेल तर तोंडावर सांगा. ताकाला जाऊन भांडं का लपवता?

८ फेब्रुवारी, रविवार

तिघं दुकानात गेलो. मी गप्प राहिलो. गप्प राहिलं की समोरचा आपणहून बोलतो, हा धंद्यातला पहिला धडा.

सूनबाई एकेक लॅपटॉप हातात घेऊन तोलत होती, भाजीवाल्याकडे कोबी तोलावा तसा. विक्रेत्याला विचारते, "आडवं पडून वापरला तर गरम लागतो का?" मग, "पंख्याचा आवाज येतो का? शेजारच्या पलंगावरच्याला त्रास नको."

शेजारचा पलंग! आमच्या घरात माझ्या शेजारी कुणाचा पलंग आहे?

मुलगा म्हणाला, "बॅटरी दिवसभर टिकली पाहिजे. प्लग जवळ असेलच असं नाही." विक्रेत्याने चौदा इंचीचा एक काढला. जेमतेम सव्वा किलो. "सिनेमे, मालिका मस्त चालतील. गेमही, पण हलके. मोठे अडखळतील." त्यावर सूनबाई, "मोठे नकोतच. रंग जुळवायचे, शब्दकोडी, एवढंच."

शब्दकोडी रोज कोण सोडवतं या घरात? मी! आणखी पुरावा तो कसला हवा?

"नंतर बघू," म्हणालो आणि सगळ्यांना दुकानाबाहेर काढलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

मुलगा बाल्कनीत फोनवर बोलत होता. मी आत पेपर घेऊन बसलो होतो. एक ओळ वाचली असेल तर शपथ. "खिडकीजवळची जागा मिळेल का? ... भेटायच्या वेळा काय आहेत? ... हो, दोन-तीन महिने तरी धरून चालू."

दोन-तीन महिने! मास्तरांनाही असंच सांगितलं होतं.

सूनबाई दुपारीच घरी आली आणि पडून राहिली. जेवली नाही. मन खात असेल.

पण खरं सांगायचं तर राग येण्याऐवजी भीती वाटली. या वयात नव्या भिंतींशी ओळख करून घ्यायची ताकद माझ्यात नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शेरास सव्वाशेर! तीन दिवस शत्रूचा अभ्यास केला. त्या विक्रेत्याला फोन करकरून भंडावलं. गेम खेळणाऱ्यांसाठी म्हणून एक वेगळीच जात असते. सतरा इंची पडदा, तीन किलो वजन, चार्जर विटेएवढा. बॅटरी? "काका, तो प्लगला लावूनच वापरायचा." वा! असलं धूड सोबत देऊन कुणी कुणाला कुठंही पाठवत नाही. ते ज्या टेबलावर बसलं तिथंच बसतं. त्याच्यामागे मीही.

जेवताना जाहीर केलं - घ्यायचा तर हाच. मला मोठे गेम खेळायचे आहेत. गाड्यांच्या शर्यती. मारामाऱ्या.

मुलाचा घास हातातच राहिला. "तुम्ही? मारामाऱ्या?"

"का? सगळ्यांसाठी आहे ना?"

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सूनबाईने त्याच्या हातावर हात ठेवला. "असू दे रे. बाबांना हवाय ना." तिचे डोळे भरले होते. डाव उधळला की असंच होतं, मी मनात म्हटलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

आला! खोक्यातून काढायला बाप-लेक दोघं लागलो. पंखा सुरू झाला की पिठाची गिरणी. मी गाड्यांची शर्यत लावली आणि पहिल्याच वळणावर गाडी समुद्रात घातली. मुलगा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

सूनबाईने तो मांडीवर घेऊन पाहिला. लगेच बाजूला ठेवला. म्हणाली, "छान आहे." मी जिंकलो होतो, तरी जेवण गोड लागलं नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

माळ्यावरून बॅग निघाली! मुलगा ती फडक्याने पुसत होता. "कुठं?" म्हटलं. "सांगतो बाबा, दोन दिवस थांबा." म्हणजे लॅपटॉप नाही तर नाही, माणूस तरी हलवायचाच! मी माझ्या कपाटाला कुलूप लावलं. किल्ली बंडीच्या खिशात. काढा म्हणावं आता माझे कपडे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कपाटाला कुणी हात लावला नाही. बॅगेत सूनबाईचे कपडे होते.

तिला दिवस गेलेत. डॉक्टरांनी हॉस्पिटलात आडवं पडून राहायला सांगितलंय, बाळ नीट वाढेपर्यंत. दोन महिने, कदाचित तीन. रजेवर जाताना ऑफिसचा लॅपटॉप परत द्यावा लागणार होता. नवा तिच्यासाठी हवा होता. "मला का नाही सांगितलंत?" विचारलं. "मागच्या वेळी सगळ्यांना आनंदाने सांगितलं, बाबा," ती म्हणाली. "आणि मग सगळ्यांना परत सांगावं लागलं."

तिला वजन उचलायची मनाई आहे. संध्याकाळी, ती दाखल झाल्यावर, ते धूड मी तिच्या पलंगाशी दोन्ही हातांनी धरून बसलो, ती एका बोटाने रंग जुळवत होती. हात भरून आले. म्हटलं, उद्याच दुकानात जाऊन हलका बदलून आणतो.

"नको," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "हलका आणलात तर माझा मीच धरीन. मग तुम्ही रोज कशाला याल?"