ललितला काय चालतं

प्रिय निकिता,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, ललितला काय चालतं, काय चालत नाही, ते सगळं लिहून पाठवा ना. लग्नाआधी हात बसायला हवा." लग्नाला अठरा दिवस उरलेत आणि साड्या, पार्लर सोडून तुला त्याच्या ताटाची काळजी. मला तुझं कौतुक वाटलं आणि भीतीही वाटली. फोनवर लिहिलं असतं, पण माझा फोन रोज संध्याकाळी ललित उघडून बघतो, म्हणून वहीची पानं फाडून लिहितेय. अंगणवाडीत एकोणतीस वर्षं रजिस्टरं भरली, अक्षर लागेल तुला. मात्र शेवटपर्यंत वाच, मध्येच ठेवून देऊ नकोस.

तर ऐक. याला पॅलिओ म्हणतात. ललित जिममध्ये ट्रेनर झाला त्या वर्षी हे आमच्या घरात आलं. माणूस शेती करायला लागला त्याच्या आधी जे खायचा तेवढंच खायचं. भाकरी नाही, भात नाही, डाळ नाही, दूध-दही नाही, साखर तर नाहीच. आम्ही नामपूरकडची माणसं, बाजरी आणि कांद्यावर वाढलेली. शेतीच्या आधीचं मी कुठून आणू? पण शिकले, आणि खरं सांगते, हे जेवण वाईट नाही. सकाळी मेथीची अंडी कर. जुडी निवडून बारीक चिरायची, तुपात ठेचलेला लसूण लाल करायचा, मेथी घालायची आणि पाणी आटलं की तीन अंडी फोडून हलवायची. सोबत जाळीवर भाजलेलं रताळं, वरून मीठ आणि लिंबू. दुपारपर्यंत भूक लागत नाही. तूप चालतं. दूध चालत नाही मग तूप कसं चालतं, आदिमानवाकडे म्हशी होत्या का, असं मी एकदा हसत हसत विचारलं होतं. ताट माझ्या कानाजवळून गेलं आणि भिंतीवर आपटलं. तेव्हापासून मी विचारत नाही.

वांग्याचं भरीत त्याला आवडतं. वांगी गॅसवर काळी होईपर्यंत भाज, हिरवी मिरची आणि कांद्याची पात भरपूर घाल. भोपळ्याच्या फोडी सालासकट तुपात परतून घे. मासे आणलेस तर हळद-मीठ लावून तव्यावर, पिठाचा हात लावायचा नाही, रवा तर नाहीच. एकदा मी सुरमईला चिमूटभर तांदळाचं पीठ लावलं, कुरकुरीत होईल म्हणून. साखरपुड्याला तू विचारलंस ना, आई, पुढचा दात कधी पडला? मी म्हटलं, दारावर आपटले. दार कसलं, ललितचं कोपर होतं. नंतर त्यानेच मला गाडीवरून दातांच्या डॉक्टरकडे नेलं. येताना नारळपाणी पाजलं आणि म्हणाला, "आई, तू मला रागावायला लावतेस गं." लोकांना वाटतं अशा मुलाचा बाप तसाच असेल. ललितच्या वडिलांनी, कोंडाजींनी, उभ्या जन्मात माझ्यावर हात उगारला नाही. हे कुठून आलं ते मला माहीत नाही आणि आता शोधायचंही नाही.

आता कोंबडीचा रस्सा, त्याचा सगळ्यात आवडता. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर थेट भाजायचं. लवंग, मिरी, लाल मिरच्या, आलं, लसूण, कोथिंबीर, सगळं पाट्यावर वाटायचं. मिक्सरमधलं वाटण त्याला पहिल्या घासाला कळतं. कोंबडी हाडासकट घे आणि मंद आचेवर तिच्याच रसात शिजू दे. आणि दाण्याचा कूट घालायचा नाही. शेंगदाणा त्यांच्या हिशेबात कडधान्यात मोडतो. हे वाचायला सोपं आहे, पण आपल्या बायकांचा हात कसा असतो? रस्सा पातळ दिसला की डोकं विचार करायच्या आत हात डब्याकडे जातो. डबा मी फेकून द्यायला हवा होता. माझ्या गुडघ्यांना तिळा-दाण्याची चटणी लागते म्हणून ठेवला होता.

ललितचं पहिलं लग्न जमलं नाही, मुलगी रमली नाही, असं आम्ही तुमच्याकडे सांगितलं. तिचं नाव सायली. नामपूरचीच, द्राक्षाच्या बागेतली, मोठ्याने हसणारी. ती फेब्रुवारीतल्या एका रविवारी जेवायला वाढत होती. ललितची कसलीशी स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. त्याने पहिला घास तोंडात घेतला, थांबला, तळहातावर काढला आणि अंगठ्याने चोळून बघितला. "कूट कोणी घातला?" आवाज चढवला नव्हता. सायलीने माझ्याकडे बघितलं, कारण रस्सा मी केला होता. मूठ माझी पडली होती, सवयीने, भांडं पातळ दिसलं म्हणून. मला एवढंच म्हणायचं होतं, माझ्याकडून पडला. मी ते म्हटलं नाही. त्याने तिला वेणीला धरून ओट्यापर्यंत ओढत नेलं, तिचं डोकं दोनदा फरशीच्या कडेवर आपटलं आणि गॅसवरचं उकळतं पातेलं तिच्या मानेवर आणि खांद्यावर ओतलं. तिचा तो आवाज मी तुला लिहून दाखवू शकत नाही. रस्सा तिच्या केसांतून जमिनीवर गेला, त्यातले कोंबडीचे तुकडे तिच्या अंगाला चिकटले होते आणि ललित वर उभा राहून सांगत होता, आता चाट.

दवाखान्यात मीच सांगितलं की सुनेच्या हातातून पातेलं निसटलं. पोलिसांनाही तेच सांगितलं, खाली सही केली. घटस्फोट झाला, पण तिची मारहाणीची केस अजून कोर्टात आहे आणि ती माझ्या सहीवर अडली आहे. तुमच्या घरी यातलं काहीही सांगितलेलं नाही.

परवा तुझा फोन झाला तेव्हा ललित जेवून सोफ्यावर लवंडला होता. त्याने सगळं ऐकलं आणि डोळे न उघडता म्हणाला, "नीट शिकव तिला. नाही तर मला शिकवायला लागेल." आणि घोरायला लागला. भर दुपारी. माझ्या हातात वरवंटा होता, वाटणाने माखलेला. मी तो घेऊन त्याच्या डोक्याशी जाऊन उभी राहिले. कपाळावर कुठे मारला तर एका दणक्यात होईल, हे मी शांतपणे बघत होते. निकिता, मी त्याला जन्म दिलाय, आणि मला त्या क्षणी त्याची कवटी फुटलेली हवी होती. हात वर गेलाही होता. खाली आणला तो मायेने नाही. मी तुरुंगात गेले असते, लोक म्हणाले असते की म्हातारीचं डोकं फिरलं, बिचारा सोन्यासारखा मुलगा. आणि सायली कायमची खोटी ठरली असती. मी वरवंटा धुऊन जागेवर ठेवला आणि काल सकाळी, तो जिमला गेल्यावर, नाशिकच्या द्वारका चौकातून नामपूरची गाडी धरली.

सायलीच्या आईने मला दाराबाहेरच्या ओट्यावरच उभं ठेवलं, बरोबरच केलं. सायली बाहेर आली. उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बंद ब्लाउज. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आई, मी भाजत व्हते तव्हा तुम्ही काय करत व्हत्या?" दोन वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. मी तिला खरं सांगितलं. पातेलं उचलल्यावर खाली गॅस तसाच जळत होता. मी तो बंद करत होते. ती आत गेली आणि सोमवारच्या तारखेचा वकिलांचा कागद घेऊन आली.

सोमवारी मी तिच्याबरोबर कोर्टात उभी राहणार आहे. कूट कोणी घातला आणि पातेलं कोणी ओतलं, दोन्ही सांगणार आहे. खोटी सही केल्याबद्दल मला काय व्हायचं ते होवो. त्यानंतर गंगापूर रोडच्या या फ्लॅटवर मी परत येणार नाही. तुमच्या लग्नपत्रिकेवर निमंत्रक म्हणून माझं नाव छापलंय. ते निमंत्रण मी मागे घेते. हे पत्र तुझ्या वडिलांना दाखव. ते म्हणतील हॉल ठरलाय, पाहुणे काय म्हणतील. तेव्हा सायलीला फोन कर, नंबर पानाच्या मागे लिहिलाय, बोलायचं तिने कबूल केलंय. ललित तुझ्या दारात येईल. रडेल, तुझ्या आईच्या पाया पडेल, आपली आई वेडी झाली म्हणेल. तो अगदी मनापासून रडतो. पहिल्या वेळी मारलं तेव्हा सायलीसमोरही असाच रडला होता, आणि ती बॅग भरून निघाली असताना मीच तिचा हात धरून म्हटलं होतं, एवढ्या वेळी माफ कर गं. तू दार उघडू नकोस.

तुझी सासू होणार नाही, म्हणूनच तुझी,
छाया