अर्ध्या बाह्यांचा शर्ट

शांती नगर, मीरा रोड
१२ सप्टेंबर १९९८

प्रिय बाबा,

पिंकीच्या अंगावर ते कॉफीच्या रंगाचे डाग आहेत ना, त्यावरून सासूबाई मला अजून बोलतात, की ती पोटात असताना मी ग्रहणात भाजी चिरली. खरं तर त्या दिवशी मी विळीला हातही लावला नव्हता. पण तुमचं नाव निघू नये म्हणून ‘हो, चिरली’ म्हणून मोकळी झाले.

काल यतीन आणि मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझ्याही काखेतले ठिपके पाहिले आणि विचारलं, “माहेरी कुणाला अंगभर गाठी आहेत?” मी म्हटलं, “नाही.”

माझ्या लग्नात ताप आल्याचं सांगून तुम्ही घरी राहिलात, कन्यादान काकांनी केलं. नंतरही जावई येणार म्हटलं की तुम्ही भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून बागेत निघून जायचात, आणि मी अडवलं नाही. लहानपणी तुमच्या दंडावरची मऊ गाठ चिमटीत धरल्याशिवाय झोप न येणारी मी!

डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून येतं, यात कुणाची चूक नसते. डोळे आणि ब्लडप्रेशर तेवढं तपासत राहायचं. परतताना रिक्षातच मी यतीनला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, “इतकी वर्षं माझ्यामुळे बाबा घराबाहेर राहिले?”

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंत तर स्वतःला दोष देत बसाल, आणि आम्ही येणार हे कळलं तर पुन्हा बागेत जाल. रविवारी न कळवताच येतोय. यतीनने तुमच्यासाठी शर्ट घेतलाय. अर्ध्या बाह्यांचा.

तुमचीच,
राजश्री