कापलेल्या ओळी कोणी वाचाव्यात याविषयी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावन्न, अविवाहित, आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पत्रव्यवहार चिटणीस, शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि दुपारचे जेवण उरकून हे मृत्युपत्र लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जेवणाबद्दल दाखला मिळत नाही.

प्रारंभीच एक तक्रार नोंदवणे मी कर्तव्य समजतो. वकिलांच्या कारकुनाने जो छापील नमुना दिला, त्यात 'मिळकतीचे वर्णन' याला दोन ओळी आणि 'शेरा' याला अर्धे पान सोडले आहे. माणसाने जन्मभर जमवलेले दोन ओळींत मावावे आणि त्यावर परक्याने अर्धे पान बोलावे, अशी योजना ज्या बुद्धीतून निघाली तिला माझा कोपरापासून नमस्कार. तो नमुना परत केला आहे. हे कोरे कागद माझे स्वतःचे आहेत.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, एक स्वयंपाकाचा कोपरा आणि एक खिडकी, हे माझी सख्खी धाकटी बहीण हिला मिळावे. ती परिचारिका असून, आमच्या मंडळीने सेवाकार्यासाठी तिला जगाच्या दुसऱ्या टोकाला, आठ खाटांच्या एका दवाखान्यात पाठवले आहे. यापुढे तिला 'धाकटी' म्हणतो. घरात दुसरे नाव कधी चाललेच नाही. दाराची कडी आधी वर उचलावी, मगच डावीकडे सरकवावी. एकोणीस वर्षांत ती हे विसरली असेल. आतल्या खोलीतल्या तिच्या खाटेवर मी शब्दकोश रचत आलो आहे. ते कोणीतरी हलवावेत आणि गादी उन्हात टाकावी.

कलम २. वरील शब्दकोश व सर्व संस्कृत ग्रंथ पाळकसाहेबांना द्यावेत. ते प्रवचनात संस्कृत शब्द घालतात, ते न चाखता मीठ घालावे तसे. अट एकच: आधी अर्थ पाहावा, मग व्यासपीठावर चढावे.

कलम ३. गायनवृंदाच्या मावशींनी अकरा वर्षांपूर्वी सर्वांदेखत "चिटणीस गायला लागले की देवालासुद्धा आपली कीव येते" असे उद्गार काढले होते. त्याबद्दल त्यांना मी संपूर्ण क्षमा करतो. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, पण क्षमा मिळकतीत धरत नाहीत असे कारकुनाने सांगितल्यामुळेच त्यांना या कागदावर साक्षीदार करता आले. माझ्या अंत्यविधीला चारच कडवी म्हणावीत. मावशी सहा म्हणतील, हे ठाऊक आहे.

कलम ४. टाइपरायटर उपचिटणिसांना द्यावा. निळी पेन्सिल मात्र त्यांना देऊ नये. ती मोडून टाकावी. ती कशाची हे कमिटीतल्या नव्या लोकांना ठाऊक नाही, म्हणून सांगतो.

आमची मंडळी लहान. तरी साठेक वर्षांत तिने सतरा माणसे दूरदेशी पाठवली: सुतार, शिक्षिका, विहिरी खोदणारा एक, परिचारिका दोन. महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यांची पत्रे प्रार्थनेनंतर मोठ्याने वाचली जातात. परंतु पत्र आले तसे वाचत नाहीत. ते आधी माझ्या टेबलावर येते आणि मी ते 'साफ' करतो. आनंदाच्या तीन गोष्टी ठेवायच्या, प्रार्थनेची एक विनंती ठेवायची, बाकीच्यावर निळ्या पेन्सिलीने खूण करून ते कात्रीने काढायचे. लोक आठवडाभर आपापले रडून येतात, रविवारी त्यांना आणखी कशाला, असा हिशेब. पद्धत माझ्या आधीपासूनची आहे, पण तिला धार मी लावली. लहानपणी ज्या गुरुजींनी मला संस्कृत शिकवले, ते म्हणत, सात शब्दांचे काम पाचांत झाले की दोन शब्द वाचले. त्या दोन शब्दांत कोण होते, हे विचारायची मला सवय लागली नाही.

मंडळीच्या दारातून आत शिरताच उजव्या हाताला लाकडी फळा आहे. त्यावर दोन रकाने: 'गेलेले' आणि 'परतलेले'. पहिल्यात सतरा नावे. दुसरा रिकामा. दर वर्धापनदिनी पाळक त्या रिकाम्या रकान्याकडे बोट दाखवतात, आणि आमची छाती फुगते. तिथेच राहिलेल्यांपैकी नऊ जण तिथल्याच मातीत आहेत, हे त्या भाषणात येत नाही. ते भाषणही मीच लिहितो.

कलम ५. याच कलमासाठी बाकीची चार लिहिली.

आमचा नियम असा की सेवक आपल्या मर्जीने परतत नाही. त्याने लिहायचे, ते मंडळीसमोर वाचले जायचे, आणि मंडळीने हात वर करून त्याला बोलवायचे. हात वर झाले की बदली माणूस पाठवणे मंडळीवर बंधनकारक. नियम वाईट नाही. फक्त पत्र वाचले गेले पाहिजे.

सहा वर्षांपूर्वी धाकटीचे पत्र आले. दवाखान्यात नवे छप्पर, बाळंतिणी सुखरूप, आणि खाली: "इथली दुसरी नर्स गेली, मी एकटी उरले. दादा, माझे हात थरथरतात. मला परत बोलवा." ते मंडळीचे पंचावन्नावे वर्ष होते, पुढच्या रविवारी समारंभ होता. छप्पर ठेवले, बाळंतिणी ठेवल्या, खालचे कापले. मला वाटले, थकली आहे, झोपेल आणि विसरेल. लहानपणी रुसली की तसेच करायची.

चार महिन्यांनी दुसरे आले. "काल एका बाईचं इंजेक्शन दुसऱ्याच बाईला दिलं. ती वाचली. पुढची वाचेलच असं नाही. बदली कोणी आल्याशिवाय मी या आठ खाटा सोडून निघू कशी?" हे वाचून मी खुर्चीवरून उठलो, पाळकांच्या दारापर्यंत गेलो. आत ते नव्या मिशनरी जोडप्याला निरोपाचे चार शब्द सांगत होते. मी परत आलो आणि कापले.

तिसऱ्यात एवढेच: "दादा, हे सगळ्यांसमोर वाचून दाखव." ते मी कापलेसुद्धा नाही. पत्रच दडवले आणि त्या रविवारी टपाल आले नाही असे सांगितले. तिला उत्तर पाठवले: "मजकूर पोहोचला. प्रभू सामर्थ्य देईल." खोटे एकही अक्षर नव्हते त्यात. मी सुशिक्षित माणूस आहे.

चौथ्या पत्रात तिने लिहिले: "मंडळीचं उत्तर कळलं. पुन्हा विचारणार नाही."

म्हणजे तिची समजूत अशी की साऱ्या मंडळीने ऐकले आणि एकही हात वर झाला नाही. ज्या मावशींनी तिला गाणे शिकवले त्यांचा नाही, ज्या घंटावाल्याच्या खांद्यावर बसून ती लहानपणी घंटा ओढायची त्याचा नाही, माझा नाही.

त्यानंतर तिच्या पत्रांत आनंदाच्या तीन गोष्टी असतात आणि प्रार्थनेची एक विनंती. मोजून. पेन्सिल लावायला जागाच नसते. पहिले वर्षभर मी समाधानात होतो. पोर लिहायला शिकली म्हटले. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिला एक पत्र वाचून दाखवले, तर डोळे मिटूनच म्हणाली, "ही धाकटी नव्हे रे. धाकटी एवढं गोड कधी बोलली?" मी म्हटले, "माणूस बदलतो, आई." आई म्हणाली, "बदलतो की. पण कुणीतरी बदलवल्याशिवाय नाही." पंधरा दिवसांनी ती गेली. तिला मी खरे सांगितले नाही.

सबब, माझी इच्छा अशी: माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्याच पत्रांच्या रविवारी, माझ्या टेबलाच्या डाव्या खणातील बिस्किटांच्या डब्यातून धाकटीची चारही पत्रे काढावीत, कापलेले तुकडे जागच्या जागी चिकटवावेत आणि मंडळीसमोर सलग वाचावीत. वाचन उपचिटणिसांनी करू नये, ते माझ्या हाताखाली तयार झाले आहेत. घंटावाल्याने करावे. तो अक्षरे लावत वाचतो, त्यामुळे त्याच्याकडून काही सुटत नाही. त्यानंतर हे कलम वाचावे, म्हणजे आधी हात का वर झाले नाहीत ते सर्वांना कळेल. मग मत घ्यावे. मग, मत काहीही पडो, तिला असे लिहावे की सहा वर्षांत तिची विनंती कोणाच्याही कानावर गेली नव्हती. हे पत्र साफ करू नये.

याव्यतिरिक्त माझी कोणतीही मिळकत नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, कारण कापण्यासारखे आपणही काही मागे ठेवू, हे सुचले नव्हते.

लिहून देणार: पत्रव्यवहार चिटणीस (सही)
साक्षीदार पहिल्या: गायनवृंदाच्या मावशी (सही, शाई सांडलेली)
साक्षीदार दुसरे: घंटावाला (सही, सावकाश)
स्थळ: मंडळीचे कार्यालय, टपालाचे टेबल
दिनांक: पत्रांच्या रविवारच्या आधीचा बुधवार

सह्यांच्या खाली लिहिलेल्या मजकुराला कायद्यात किंमत नसते, असे कारकून म्हणाला. म्हणून पुढचे इथे लिहितो.

साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो. मावशींनी वाचला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे तू मेल्यावर वाचायचं?"

"हो."

"आणि डॉक्टर काय म्हणतात?"

"पथ्य पाळलं तर दहा-बारा वर्षं सहज."

"मग मेल्या, रविवार चार दिवसांवर आहे! मरायची वाट कशाला बघतोस?"

घंटावाला खाली पाहत होता. तो एवढेच म्हणाला, "चिटणीससाहेब, आत्ता वाच म्हणालात तर आत्ता वाचतो."

मी म्हटले, विचार करून सांगतो. मावशी उठल्या. आज पहिल्यांदाच त्यांनी मला टोमणा मारला नाही.

विचार करण्यासारखे काही नाही. मला मरणाची भीती वाटत नाही. मंडळीसमोर जिवंत उभे राहण्याची वाटते, आणि धाकटी परत आली तर दारात तिला सामोरे जाण्याची. त्यापेक्षा तिने तिथे आणखी दहा वर्षे काढलेली मला चालतील, असे मी आज सही करून ठरवले आहे. रविवारी मी डबा उघडणार नाही, याची मला जवळजवळ खात्री आहे, आणि काळजी त्या 'जवळजवळ'चीच आहे.