अंतर कोण राखतंय

सोमवार
आले एकदाची! टॉवरच्या काचेच्या खोलीतून धावपट्टी अशी दिसते, की जेवायचंही भान राहू नये. संध्याकाळचं विमान ताईच चालवते. लहानपणापासून ती मला सुनावत आली, आता उतरताना तिने माझं ऐकायचं. कामही निम्मं झालंय. नवी पद्धत अशी, की पुढचं विमान दिसतंय, अंतर मी राखतो, असं पायलटने कळवलं की जबाबदारी त्याची. आपण सुटलो. साहेब तर टेबलावर पाय टाकूनच बसतात. खोट एकच. माझा हेडफोन अजून आलेला नाही, म्हणून कपाटातला जुना वापरायचा. त्याची कानाची गादी चिकट. शी! स्पिरिटने घासून पुसली.

मंगळवार
गादी पुन्हा ओली, आणि कोमट. कोणी वापरला म्हणून विचारलं, तर सगळ्यांनी कानावर हात ठेवले. दुपारी एका पायलटने त्यातून विचारलं, अंतर कोण राखतंय? रडारच्या पडद्यावर विमानच नव्हतं. बोलताना तो मचमच काहीतरी चघळत होता. साहेब मान वर न करता म्हणाले, तुम्ही राखा म्हणून सांग, गप्प बसतो. सांगितलं. बसला. घरी येऊन कान साबणाने धुतला, तरी सडक्या मांसाचा वास जाईना.

गुरुवार
चहाच्या वेळी साहेबांनी सांगून टाकलं. नवी पद्धत आली आणि दोन विमानं आदळली. पायलटला वाटलं खालचे बघतायत, खालच्यांना वाटलं तो बघतोय. हेडफोन तेव्हाचाच. तो मेलेला पायलट अजून विचारतो, आणि मी राखतो असं कोणीच म्हणत नाही. हे सांगताना साहेब बिस्किट बुडवून खात होते! मला त्यांचीच जास्त किळस आली. परत येऊन पाहते तर गादीला कातडीचा तुकडा, केसांसकट. ओकले. दुसरा हेडफोन मागितला, कोणी देईना.

शनिवार
आकाश लख्ख. ताईचं विमान जवळ आलं, तेवढ्यात हेडफोनमधून त्याने पुन्हा विचारलं. तुम्ही राखा, म्हटलं. आज तो गप्प बसला नाही. बरं, आज मी राखतो, म्हणाला — मचमच —
लगेच ताईने कळवलं, पुढचं विमान दिसतंय, त्याच्यामागून येते, अंतर मी राखते. पडद्यावर तिच्यापुढे काहीच नाही! आणि ती डोंगराकडे वळत होती. तिला हाका मारल्या, तिला मी ऐकूच जाईना. साहेब म्हणाले, जबाबदारी आता तिची. पाय टेबलावरच.
मी त्याला ओरडून सांगितलं, मी राखते.

शनिवार, नंतर
ताई उतरली. सुखरूप.
हेडफोन निघत नाही. गादी कानाच्या आत — मऊ, ओली, दाढांमागे उतरतेय — तोंडात ती चव — शी, शी —
साहेब पळाले.
ओरडायला तोंड उघडलं, तर आवाज त्याचा. म्हणून लिहि —
ताई जिना चढतेय. मला भेटायला. ताई, नको येऊस —
माझंच तोंड चघळतंय. विचारतंय. अंतर कोण